रमत्या साधूसाठी एक रकाना

प्रति,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण

विषय : ज्यांना आखाडा विचारत नाही अशा साधूंच्या सोयीबाबत

महोदय,

मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. 1988 ला लागलो, 2019 ला सुटलो. मधली निम्मी वर्षं तरी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर तिकिटं फाडण्यात गेली. सिंहस्थ तीन पाहिले, 1991, 2003 आणि 2015 चा, आणि तिन्ही ड्युटीवर. पर्वणीच्या दिवशी कंडक्टरला कसली रजा! म्हणून या पत्रात अध्यात्म वगैरे सापडणार नाही. बसच्या दारातून जे दिसलं तेवढंच आहे.

31 ऑक्टोबर 2026 ला ध्वज चढणार. मग 2027 मध्ये 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबरला अमृतस्नानं, त्र्यंबकला शेवटचं 12 ला. (तोंडात अजून शाहीस्नानच येतं, माफ करा.) घाट, पूल, रस्ते, कॅमेरे, वाहनतळ, काही ना काही रोज कानावर येतं. साधुग्रामचंही, म्हणजे साधूंसाठी उभारायच्या वस्तीचंही येतं. तिथल्या जागा 13 आखाड्यांच्या आणि त्यांच्या खालशांच्या, म्हणजे आखाड्याखालच्या गटांच्या, हिशेबाने वाटल्या जाणार, हे रीतीला धरूनच आहे. शैवांचे सात, वैष्णवांचे तीन, त्यांना अणी म्हणतात, उदासीन आणि निर्मळ मिळून तीन. वैष्णव नाशिकला रामकुंडावर, बाकीचे दहा त्र्यंबकला कुशावर्तावर. ही वाटणी पेशवाईपासून चालत आलेली, तिच्यात मला नाक खुपसायचं नाही.

मला बोलायचं आहे ते यादीत नसलेल्या माणसाबद्दल.

साधूंच्या बोलीत साधू दोन तऱ्हेचे. एक स्थानधारी, म्हणजे मठ-मंदिर धरून राहिलेला. दुसरा रमता. रमत्याला मठ नाही. नावापुरती परंपरा असते, कुणीतरी गुरू केलेला असतो, पण गुरू देह ठेवून जातो, गादीवर नवा महंत बसतो आणि त्याला हा म्हातारा कोण, कुठला, काही ठाऊक नसतं. काही रमते जमातीने फिरतात, त्यांचं एक वेळ भागतं. एकटा फिरणारा असतो त्याची मात्र कुठे मोजदाद नाही. साधू स्वतःला माणूस म्हणून मोजत नाहीत, ‘मूर्ती’ म्हणून मोजतात. ‘कितनी मूर्ति?’ असं विचारतात, की उत्तर येतं, ‘ग्यारह मूर्ति.’ एकट्याला कुणी विचारतच नाही.

नोकरीला लागलो तेव्हा मला सगळे भगवे सारखेच दिसायचे. मग एका जुन्या ड्रायव्हरने शिकवलं, की आधी हाक ऐकायची. ‘ॐ नमो नारायण’ म्हणाला तर दशनामी संन्यासी, म्हणजे गिरी, पुरी, भारती, सरस्वती यांतला कुणी. गळ्यात रुद्राक्ष, कपाळावर आडवं भस्म. ‘जय सीताराम’ म्हणाला तर बैरागी, म्हणजे वैष्णव साधू. तुळशीची माळ आणि उभा टिळा. ‘आदेश’ म्हणाला तर नाथजोगी, मग कानांकडे बघायचं, पाळीच्या वर चीर देऊन त्यात कुंडलं घातलेली असतात. एवढं कळलं तरी तिकिटाचा प्रश्न सुटत नव्हता. पेगलवाडीला, अंजनेरीला हात दाखवून गाडी थांबवायचे, चढायचे आणि भाड्याचं नाव काढलं की हसायचे. तिकीट नसेल तर तपासनीस मला धरणार, त्यांना नाही. पुष्कळदा मीच खिशातून भरले. भक्तीने नव्हे, वाद टाळायला. एकाने भाड्याच्या बदल्यात दोन पेरू दिले होते. ते मी वेबिलात, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदात, कुठे लिहू?

यांच्या राहणीबद्दल लोक दोनच टोकांनी बोलतात, एक तर पाया पडतात नाहीतर शिव्या देतात. त्यांना नियम असतात हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमची ही नेहमी कुरकुरायची, की मेले दीड-दोन वाजता येतात, तवा उतरवल्यावर, सगळ्यांची जेवणं झाल्यावर. आमच्या वाड्यात वेदपाठशाळेत शिकवणारे एक गुरुजी राहत. ते म्हणाले, अहो, वेळ चुकवून नाही येत, वेळ साधून येतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात लिहिलंय, की चुलीचा धूर थांबलेला असावा, मुसळ ठेवून दिलेलं असावं, निखारे विझलेले असावेत, घरच्यांचं जेवण उरकलेलं असावं, तेव्हाच यतीने दारात उभं राहावं. म्हणजे त्याच्यासाठी वेगळं रांधायला नको, उरलं असेल तर मिळेल. आणि दिवसातून एकदाच. एकाच घरी पोटभर नाही, मधमाशीने फुलाफुलावरून घ्यावं तसं पाच-सात घरी थोडं थोडं, म्हणून ती माधुकरी. हे ऐकल्यापासून ही भाकरी झाकून ठेवायला लागली. कुरकुर थांबली नाही, तो भाग वेगळा.

मुक्कामाचाही नियम आहे. गावात एक रात्र, नगरात पाच. गोतावळा जमायच्या आत उठायचं. राहायचं झाडाखाली, शास्त्रात त्यांच्या निवाऱ्याला वृक्षमूल असाच शब्द आहे. साहेब, ज्या तपोवनातल्या झाडांवरून, साधुग्रामसाठी ती तोडायची म्हणून, नाशिककर 2025 मध्ये रस्त्यावर उतरले, ती झाडं म्हणजे रमत्याचं घरच होतं. साधूसाठी तंबू हवा म्हणून साधूचं घर पाडायचं, हा हिशेब मला एकतीस वर्षं वेबिल भरूनही जमत नाही.

आता एक पेच बघा. हिंडणाऱ्याने पावसाळ्यात हिंडू नये, कारण पायाखाली किडामुंगी मरते. म्हणून चातुर्मास एका जागी करायचा. संन्याशांच्या हिशेबात चार महिन्यांऐवजी चार पक्ष धरले तरी चालतात, म्हणजे गुरुपौर्णिमेपासून भाद्रपद पौर्णिमेपर्यंत. आणि आपला सिंहस्थ नेमका तेव्हाच! प्रयागला थंडी, हरिद्वार-उज्जैनला उन्हाळा, भर पावसातला मेळा आपला एकट्याचा. 2027 ची पहिली पर्वणी आषाढ अमावास्येची, दुसरी पोळ्याच्या अमावास्येची. म्हणजे नियम पाळणारा रमता आषाढातच इथे येऊन बसणार आणि दोन महिने हलणार नाही. त्याला तीन दिवसांची व्यवस्था पुरत नाही. त्याला कोरडी जागा हवी, दोन महिने.

या लोकांनी काय काय सोसलेलं असतं, त्याचं एक उदाहरण देतो. 2003 ला तपोवनात एक रामानंदी त्यागी, म्हणजे बैराग्यांतलेच एक तपस्वी, भेटले. माझी शेवटची फेरी संपली होती, पाऊस लागला म्हणून त्यांच्या छपरीत उभा राहिलो. त्यांनी धूनीचं तप सांगितलं. वसंत पंचमीपासून गंगा दशहऱ्यापर्यंत, उन्हाच्या कडाक्यात, सभोवती गोवऱ्यांचे विस्तव मांडून बसायचं. पहिली तीन वर्षं पंचधूनी, मग तीन वर्षं सप्त, मग द्वादश, मग चौरासी, मग कोट, आणि शेवटची तीन वर्षं खप्पर, म्हणजे विस्तवाचं खापर थेट डोक्यावर. एकूण 18 वर्षं. ते चौरासीपर्यंत आले होते. मी विचारलं, मिळतं काय? ते म्हणाले, ‘गर्मी.’ आणि असे खळखळून हसले, की शेजारच्या छपरीतून कुणीतरी ओरडलं, झोपू द्या.

आपल्या गावाला तरी हे सगळं परकं वाटू नये. तपोवनाच्या पलीकडे टाकळी. तिथे समर्थ रामदास 1620 ते 1632 अशी बारा वर्षं राहिले, नंदिनीच्या पाण्यात उभं राहून जप केला आणि पंचवटीत माधुकरी मागून जेवले. मग बारा वर्षं देश पायी हिंडले. दासबोधात भिक्षेवर त्यांचा अख्खा समास आहे. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, निवृत्तिनाथ घरच्यांपासून चुकले आणि गुहेत शिरले, तिथे गहिनीनाथ बसलेले होते, असं परंपरा सांगते. त्या पोराने नाथाकडून जे घेतलं ते धाकट्या भावाला दिलं, आणि त्या धाकट्याला आपण माउली म्हणतो. म्हणजे पंढरीची वाट एका गुहेतल्या फिरस्त्यापाशी जाऊन थांबते. त्याच भावंडांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून गावाने वाळीत टाकलं होतं, हेही त्याच कथेत आहे. संन्यासी आपल्याला नेहमी लांबूनच बरा वाटत आलाय.

अजूनही दर सिंहस्थात नाथजोगी त्र्यंबकला जमतात, आपला राजा निवडतात आणि त्याला घेऊन पायी मंगळूरच्या कदली मठाकडे निघतात. या पदयात्रेला झुंडी म्हणतात. पोहोचेपर्यंत महाशिवरात्र येते. तिथे गादीवर बसवलेला राजा बारा वर्षं राहतो. एवढी मोठी पदयात्रा आपल्या दारातून सुटते आणि निम्म्या नाशिकला ती ठाऊकही नाही. असो, मी भरकटलो.

2015 ची गोष्ट सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं.

त्या आषाढात आमच्या ओट्यावर एक म्हातारा बैरागी आला. जय सीताराम, तुळशीची माळ, एक झोळी, एक कमंडलू, एक लांब चिमटा. चित्रकूटकडून पायी आला होता, मध्ये कुणी ट्रकवाल्याने घेतलं तेवढं सोडून. साधुग्रामच्या फाटकावर त्याला विचारलं, खालसा कोणता? त्याने गुरूचं नाव सांगितलं. गुरू जाऊन वीस वर्षं झालेली. चिठ्ठी नाही, ओळखपत्र नाही. परत फिरला. दिवसा आमचा ओटा, रात्री एका दुकानाची पत्र्याची झड. घरात बोलावलं तर येईना. छताखाली झोपायचं नाही असं काहीतरी त्याचं होतं. ओट्यावर कसा काय चालतो असं विचारलं तर म्हणाला, ओटा घराबाहेर आहे.

पर्वणीच्या दोन दिवस आधी तो दिसेनासा झाला. रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना एका गाडीत भरून शहराबाहेर सोडलं, त्यांत हाही गेला. कुणी नेलं, कुणाच्या हुकमाने नेलं, ते मी लिहीत नाही. ज्याने नेलं त्याला वरून ‘रस्ता मोकळा करा’ एवढंच सांगितलं असणार, आणि गर्दी आवरणं किती गरजेचं असतं ते मला सांगायला नको. 2003 च्या 27 ऑगस्टला सरदार चौकाच्या उतारावर 39 माणसं चेंगरून गेली. त्या संध्याकाळी माझ्या गाडीत बसलेल्या कितीतरी बायकांच्या पायात एकच चप्पल होती. तेव्हा बंदोबस्ताविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

म्हातारा चौथ्या दिवशी चालत परत आला. पर्वणी होऊन गेली होती. स्नान चुकलं याबद्दल चकार शब्द नाही. एकच म्हणणं, ‘चिमटा गाड़ी में रह गया.’ मी त्याला घेऊन दोन ठिकाणी विचारायला गेलो. पहिल्या ठिकाणी कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने विचारलं, चिमटा म्हणजे काय, पोळीचा का? आता यांना काय सांगणार! धूनी सारखी करायची, निखारा उचलायचा, भजनात ताल धरायचा, कुत्रं अंगावर आलं तर आपटायचा, साधूचा संसार तोच. शेवटी तपोवनाबाहेरच्या दुकानांतून एक घेऊन दिला. तो हातात धरून त्याने वजन पाहिलं, म्हणाला, हलका आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. पाच रात्रींपेक्षा पुष्कळ जास्त राहिला होता, आमच्यामुळे त्याचा नियम मोडला असणार.

महोदय, गाडीत भरणाऱ्याने कायदा मोडला असंही म्हणता येत नाही, इथेच खरी मेख आहे. भीक मागण्याला बंदी करणारा 1959 चा मुंबईचा कायदा आपल्याकडे आहे. त्यात भिकाऱ्याच्या व्याख्येत असाही माणूस बसतो, ज्याला उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नाही, जो हिंडत असतो आणि जो भिक्षेवर जगत असावा असं त्याच्याकडे पाहून वाटतं. वाचून मी चाट पडलो. रमत्याची इतकी नेमकी व्याख्या पोथीतही नसेल! ज्या लक्षणांमुळे शास्त्र त्याला संन्यासी म्हणतं, त्याच लक्षणांमुळे कायदा त्याला उचलू शकतो. म्हणून पहिली विनंती ही, की सिंहस्थापुरता तरी पोलिसांना आणि महापालिकेच्या पथकांना लेखी आदेश जावा : गुन्हा केला असेल तर धरा, नुसता मागतो म्हणून उचलू नका. आणि हे भगव्यालाच लागू करा असं मी म्हणत नाही. दुसऱ्या कुणाला तसं उचलावं असंही मला वाटत नाही, पण हे पत्र साधूंबद्दल आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद होणार असेल तर अर्जात वडिलांचं नाव असणार, कायमचा पत्ता असणार. संन्यास घेताना विरजाहोम करतात, त्याआधी माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो. त्याला बापाचं नाव विचारणं म्हणजे मेलेल्याला रेशनकार्ड विचारणं. सरकारला हे कळत नाही असंही नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात नवऱ्याने संन्यास घेतला तर बायकोला घटस्फोट मागता येतो. पासपोर्टवर आई-वडिलांच्या जागी गुरूचं नाव लिहायला 2016 च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली, अर्थात दुसरा एखादा कागद लागतोच. आणि 2021 मध्ये लशीच्या वेळी केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी पद्धत काढली, तिच्या यादीत भटक्यांबरोबर साधू-संतही नाव घेऊन लिहिलेले होते. तेव्हा बिनकागदाच्या दंडात सुई टोचता आली. मग बिनकागदाच्या माणसाला पाठ टेकायला जागा देता येणार नाही का? अर्जात एक रकाना वाढवा. आखाडा : नाही. गुरूचं नाव : सांगेल ते. बस.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. हे लोक येतात ते पायी. जव्हार-मोखाड्याकडून, पेठकडून, घोटी-इगतपुरीकडून. वाटेत पाडे, वाड्या. परका माणूस, जटा, झोळी. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना ठेचून मारलं, मुलं पळवणारे समजून. ते साधूही नव्हते, भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची गरीब माणसं होती, मंगळवेढ्याकडची. 16 एप्रिल 2020 ला पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेले. 2022 च्या सप्टेंबरमध्ये जत तालुक्यात चार साधूंना पट्ट्यांनी मारलं, ते पंढरपूरला निघाले होते. प्रत्येक वेळी आधी अफवा आणि मग जमाव. 2027 मध्ये या वाटांवरून हजारोंनी माणसं जातील आणि मोबाइल तर आता पाड्यापाड्यावर आहे. ग्रामपंचायतींना, पोलीस पाटलांना, आशाताईंना आषाढाच्या आधी सांगून ठेवा, की हे येतील, विहिरीवर पाणी मागतील, मारुतीच्या देवळात एक रात्र झोपतील आणि जातील. शंका आली तर या नंबरवर फोन करा, हात उचलू नका. गावच्या बोलीत दवंडी द्या. फ्लेक्स लावू नका, त्यावरचे चेहरे बघण्यातच लोकांचा वेळ जातो.

तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, कंडक्टरसाहेब, यातले निम्मे भोंदू असतात. असतात. माझ्या गाडीतून उतरून सरळ गुत्त्यात शिरलेले मी पाहिलेत. एकाने बाईची अंगठी लांबवली, ती आम्ही सातपूरला गाडी थांबवून परत घेतली. पण चांदीच्या सिंहासनावर बसून येतात त्यांतही किती खरे, ते तपासायला तुम्ही खिडकी उघडलेली नाही. मग एकट्याचीच झडती का? जो पोटासाठी भगवं घालून आला, त्यालाही त्या पावसात कोरडी जागा आणि एक वेळची भाकरी मिळाली तर सरकारचं काय जातं? गाडगेबाबा कुठल्या आखाड्यात होते? डोक्यावर गाडगं, हातात खराटा आणि सगळा महाराष्ट्र पायाखाली. त्यांनी आपल्या गोदाकाठी धर्मशाळा उभी केली, तेव्हा दारात कुणाला चिठ्ठी मागायचं ठरवलं नव्हतं.

मोठं काही मागत नाही. तपोवनात जी झाडं उरतील त्यांच्या बुंध्याभोवती गुडघाभर उंचीचे ओटे बांधून द्या, पाणी खालून निघून जाईल असे. धूनीला जागा सोडा. दुपारी दोननंतर उघडं राहील असं एखादं अन्नछत्र असू द्या, कारण नियम पाळणारा रांगेत अकराला उभा राहणार नाही. आणि हरवलेलं सामान जिथे जमा होतं त्या खिडकीवरच्या माणसाला चिमटा म्हणजे काय ते सांगून ठेवा.

आमचा वाडा गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदेपासून, चालत सात-आठ मिनिटं. ओटा सहा फूट बाय साडेतीन, वर कौलांची पडवी पुढे आलेली, पाऊस आत येत नाही. दोन मूर्ती मावतात. तेवढी नोंद तुमच्या यादीत करून घ्यावी.

आपला,
पंचवटीतला एक निवृत्त कंडक्टर